डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आला, बाळ ठणठणीत झालं: देवगडच्या ताईंना उत्तर

ताई, भावजयीचा डबल मार्कर (बाळाला डाउन सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष असण्याची शक्यता सांगणारी गरोदरपणातली रक्तचाचणी) १:१८० आला, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना, आणि शेवटी बाळ ठणठणीत जन्मलं. म्हणून ही चाचणी पैसे उकळायचा धंदा आणि मी त्याची भलामण करते, असं तुम्ही लिहिलंत.

राग पटतो, निष्कर्ष पटत नाही. १:१८० म्हणजे असा आकडा आलेल्या १८० जणींपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता. भावजय उरलेल्या १७९ मधली. चाचणी खोटी ठरलीच नाही. रिपोर्ट हातात देताना कुणी पाच मिनिटं बसून हे समजावलं नाही, अन्याय तिथे झाला.

दुसरं, सोनोग्राफी न करता नुसत्या पाळीच्या तारखेवरून दिवस धरले, तेही पाळी अनियमित असताना, असं तुम्हीच म्हणता. या चाचणीत आईच्या रक्तातलं पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी हे गरोदरपणातले दोन घटक मोजतात. डाउनमध्ये पहिलं सहसा कमी, दुसरं जास्त. पण या आठवड्यांत एरवीही पॅप-ए वाढत असतं आणि बीटा एचसीजी उतरत असतं. गर्भ अकरा आठवड्यांचा आणि कागदावर तेरा, असं झालं तर निरोगी बाळाचे आकडेही डाउनसारखे दिसतात! म्हणून आधी सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजून दिवस पक्के करायचे. ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी, म्हणजे एनटीही, सोनोग्राफीत बघता येते. रक्त आणि एनटी मिळून डाउनची सुमारे ८५ ते ९० टक्के बाळं लक्षात येतात, आणि शंभरात साधारण पाच निरोगी गर्भही त्या जाळ्यात येतात.

‘पंचविशीतल्या पोरीला कशाला?’ असंही तुम्ही विचारता. डाउनची बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात, कारण बाळंतपणंच त्या वयात जास्त.

एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून गर्भाचा डीएनए तपासणारी चाचणी, जास्त अचूक, तरी तीही चाळणीच. पक्कं निदान गर्भजल किंवा वारेच्या तपासणीने. त्यासाठी गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठायचं की नाही, हे आईनेच ठरवावं. नको म्हणाली तर तोही तिचा हक्क. पण डाउनच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. ते आधी कळलं तर बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून बाळंतपण कुठे करायचं ते वेळेत ठरवता येतं. आपल्या किनाऱ्यावरच्या घरांना हा वेळ फार मोलाचा आहे, ताई, आणि मी या चाचणीवर लिहिते ते त्यासाठी.