पासबुकातली ३३० रुपयांची नोंद आणि दोन लाखांचा मेसेज

कोविडच्या दिवसांत एक मेसेज घरोघरी पोचला होता. तो अजून फिरतोय. मजकूर साधारण असा: “तुमच्या नात्यात कोणी कोविडने किंवा कोणत्याही कारणाने वारलं असेल, तर बँकेतून १ एप्रिल ते ३१ मार्चचं स्टेटमेंट घ्या. त्यात १२ किंवा ३३० रुपयांची नोंद दिसली की तिच्यावर खूण करा आणि बँकेत क्लेम टाका. सरकार २ लाख देतं.” आमच्याकडे आलेल्या मेसेजला पुढे शेपूटही जोडलेलं होतं: “जितकी खाती तितके दोन लाख. ९० दिवसांत गेला नाहीत तर पैसे सरकारजमा. घरातल्या कोणीही गेलं तरी चालतं.”

मी सत्तावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली. निवृत्तीनंतर शनिवारी सकाळी ओळखीपाळखीच्या बायकांचे फॉर्म भरून देते. नवरा जाऊन पंधरा-वीस दिवस झालेली बाई हा मेसेज मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरते, तेव्हा त्यातलं एकेक वाक्य तिला किती महागात पडू शकतं ते मला दिसतं. मेसेज सगळाच खोटा असता तर दोन शब्दांत सांगून मोकळी झाले असते. तो अर्धा खरा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

“१२ किंवा ३३० रुपयांची नोंद शोधा.”

हे आकडे जुने झाले. २०१५ साली दोन विमा योजना सुरू झाल्या. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता ३३० रुपये होता आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा १२ रुपये. १ जून २०२२ पासून ते अनुक्रमे ४३६ आणि २० झाले. म्हणजे अलीकडे वारलेल्या माणसाच्या पासबुकात ३३० शोधत बसलात तर सापडणार नाही, आणि ‘विमा नव्हताच’ म्हणून तुम्ही उठून जाल. शिवाय जीवनज्योतीत वर्षाच्या मध्ये नाव घातलं तर हप्ता कमी पडतो: सप्टेंबर ते नोव्हेंबरात ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारीत २२८, मार्च ते मेमध्ये ११४. हे तीन आकडे त्या मेसेजमध्ये कुठेच नाहीत. पासबुकात मात्र ते असू शकतात, म्हणून तेही बघा.

तारखांची चूक याहून मोठी आहे. या विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. हप्ता साधारण मे महिन्याच्या शेवटी खात्यातून आपोआप कापला जातो आणि पुढच्या ३१ मेला ते संरक्षण संपतं. तेव्हा मृत्यूच्या तारखेला विमा चालू होता का, हे त्या विमावर्षाचा हप्ता गेला होता का यावर ठरतं. एप्रिल-मार्चचं स्टेटमेंट घेतलं तर त्यात आधीच्या, संपून गेलेल्या वर्षाचीच नोंद दिसण्याची शक्यता असते.

मागच्या वर्षी एक वहिनी आल्या होत्या. नवरा ऑगस्टमध्ये गेला. पासबुकावर पेन्सिलने दोन ठिकाणी गोल केलेले, दोन्ही ४३६ चे, लागोपाठच्या दोन वर्षांच्या मे महिन्यातले. मी पान उलटलं. तिसऱ्या मे महिन्यात खात्यात २१२ रुपये शिल्लक होते. हप्ता कापलाच गेला नव्हता आणि विमा तिथेच बंद पडला होता. दोन गोल बघून त्यांनी दिराकडून उसने घेतलेले पैसे दोन लाखांतून फेडायचं ठरवलं होतं. त्यांना ते सांगताना मला पासबुकावरून नजर वर करता आली नाही.

“कोविडने किंवा कोणत्याही कारणाने.”

जीवनज्योतीपुरतं हे खरं आहे. आजार, अपघात, अगदी आत्महत्या असली तरी दोन लाख मिळतात. पण नाव १८ ते ५० या वयातच घालता येतं आणि संरक्षण ५५ पर्यंतच चालतं. नाव नव्याने घातल्यानंतरच्या पहिल्या तीस दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत.

वीस रुपयांच्या सुरक्षा विम्याला हे वाक्य अजिबात लागू नाही. तो फक्त अपघाताचा आहे, वय १८ ते ७०. कोविड, हृदयविकार, कावीळ, यातलं काहीच त्यात बसत नाही. आत्महत्या बसत नाही, खून बसतो. साप चावणं, झाडावरून पडणं हे अपघातात धरतात, पण त्याच वेळचा दवाखान्याचा कागद हातात हवा. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. ‘शवविच्छेदन नको, देहाची विटंबना होते’ असं म्हणून घरची मंडळी सही द्यायला तयार होत नाहीत. त्यांचं दुःख मला कळतं, तरी अपघात असेल तर ते होऊ द्या, असं मी हात जोडून सांगते. तो कागद नंतर कोणीच बनवून देऊ शकत नाही.

एक गोष्ट मेसेज सांगतच नाही. जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघाती विमा असतो: २८ ऑगस्ट २०१८ पर्यंतच्या खात्यांना १ लाख, नंतरच्यांना २ लाख. त्याचा वेगळा हप्ता नाही, म्हणून पासबुकात नोंदही नाही. अट एवढीच की अपघाताआधीच्या ९० दिवसांत ते कार्ड वापरलेलं असावं. माणूस अपघातात गेला असेल तर कार्ड फेकू नका आणि बँकेत हा प्रश्न मुद्दाम विचारा.

“जितकी खाती तितके दोन लाख.”

नाही. एका माणसाला एका योजनेत एकदाच. तीन बँकांतून हप्ते गेले असले तरी मिळणार दोनच लाख.

“९० दिवसांत गेला नाहीत तर पैसे सरकारजमा.”

हे वाचून बायका रडत येतात, कारण त्यांना चौथ्या महिन्यात कळलेलं असतं. अर्ज शक्यतो तीस दिवसांत द्यावा अशी अपेक्षा असते आणि लवकर जाणं केव्हाही बरं. पण केवळ उशीर झाला एवढ्या एकाच कारणावरून रास्त दावा फेटाळू नये, असं विमा नियामकाने सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलेलं आहे. तेव्हा तोंडी ‘आता नाही होणार’ ऐकून परत फिरू नका. अर्ज द्या, उशिराचं कारण दोन ओळींत लिहा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. नकार द्यायचा असेल तर तो लेखी मागा. त्या कागदावर पुढे विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, आणि त्याला वकील लागत नाही.

मुदत खऱ्या अर्थाने पाळायची ती मृत्यूच्या नोंदणीची: २१ दिवस. त्यानंतरही नोंद होते, पण विलंब शुल्क, परवानग्या असं वाढत जातं. दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच घेऊन ठेवा.

“सरकार २ लाख देतं.”

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. हे दोन लाख सरकारी मदत नव्हे, त्या माणसाने स्वतः हप्ता भरून घेतलेला विमा आहे. हप्ता नसला की बाई समजते, सरकारकडून मिळणारं सगळं संपलं. आणि जिथे तिचा खरा हक्क आहे, तिकडे ती जातच नाही.

नवरा कारखान्यात, दुकानात, सिक्युरिटीत कुठेही होता आणि पगारातून पीएफ कापला जात होता, तर आधी तिकडे बघा. ‘दहा वर्षं नोकरी झाली नव्हती, मग पेन्शन कसली?’ हे मी शंभरदा ऐकलंय. दहा वर्षांची अट माणसाच्या स्वतःच्या पेन्शनला आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पीएफसोबतच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून पेन्शन लागू होते. ती महिन्याला किमान १,००० रुपये, आणि दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला पंचवीस वर्षं होईपर्यंत पत्नीच्या पेन्शनच्या चौथाईएवढी रक्कम वेगळी. शिवाय नोकरीत असताना गेलेल्या माणसामागे पीएफशी जोडलेला विमा असतो, त्याची कमाल मर्यादा ७ लाख आहे आणि त्याचा हप्ता मालक भरतो. पीएफच्या कागदावर लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असेल, तर लग्नानंतर ते नामनिर्देशन आपोआप रद्द धरतात. सासू-सुनेत वितुष्ट यायच्या आत हे दोघींनाही सांगायला हवं.

पीएफ नसेल तर तहसील कार्यालयातली संजय गांधी योजनेची शाखा गाठा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात कोणत्याही कारणाने गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. कमावती बाई गेली असेल तर मागे राहिलेल्या नवऱ्यालाही. निराधार अनुदान योजनेतून विधवेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं आणि घर दारिद्र्यरेषेखाली किंवा वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. ही उत्पन्नाची अट अन्यायाची आहे, चार घरची धुणीभांडी करणारी बाईही तिच्यात बसत नाही. पण आज नियम तो आहे. आणि हे अनुदान चालू असेल तर लाडकी बहीणचे १,५०० वेगळे मिळत नाहीत.

नवरा बांधकामावर होता आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडची नोंदणी जिवंत होती, तर पत्नीला वर्षाला २४,००० असे पाच वर्षं. बायको नोंदणीकृत कामगार असेल तर तिच्यामागे नवऱ्यालाही. शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून २ लाख, अर्ज तालुका कृषी कार्यालयात, आणि इथे मात्र तीस दिवसांचं भान ठेवा. लहान मुलं असतील तर बालसंगोपन योजना विचारा.

“घरातल्या कोणीही गेलं तरी चालतं.”

विम्याचे पैसे नॉमिनीच्या नावे होतात. नॉमिनी नसेल तर वारसाचे कागद लागतात. पेन्शन आणि निराधार अनुदान तर थेट तिच्याच खात्यात यायचं असतं. तरी होतं काय, की तेरावं होईपर्यंत ती कोपऱ्यात बसलेली असते आणि कागदांची पिशवी दुसऱ्याच कोणाच्या हातात गेलेली असते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसण्याच्या आणि बांगड्या फोडण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. कागदांच्या पिशवीबद्दल मात्र कोणी ठराव केलेला मला माहीत नाही.

त्या २१२ रुपयांवाल्या वहिनींची पिशवीही दिरानेच आणली होती. ते भले गृहस्थ, स्वतः सुट्टी टाकून आले होते. वहिनी बाहेर रिक्षात बसून होत्या. मी त्यांना आत बोलवायला सांगितलं. पिशवीच्या तळाशी एका कंपनीच्या पगाराच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या, पीएफ कापलेल्या. नोकरी सव्वा वर्षाची. दिरांनी त्या ‘काही उपयोगाच्या नाहीत’ म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. त्या दिवशी वहिनींनी स्वतःच्या नावाचं खातं उघडायचा फॉर्म भरला आणि पेन्शनच्या अर्जावर सही केली. सही करताना त्यांनी विचारलं, “ताई, नाव आता कसं लिहू?” मी म्हटलं, “आधारवर आहे तसंच.”