पिवळ्या दिव्याला किडे येतच नाहीत?

'अंगणात पिवळा दिवा लावा, एकही किडा फिरकणार नाही,' असा निरोप सध्या फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. बहुतेक उडणाऱ्या किड्यांना अतिनील आणि निळा प्रकाश जास्त खेचतो. 6500 केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे प्रकाशाच्या छटेचं माप) पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळ्याचा वाटा मोठा असतो, 2700 केल्व्हिनच्या पिवळसर दिव्यात तो कमी. त्यामुळे किडे कमी येतात, पण येतात. डासांचं तर विचारूच नका; ते मुख्यतः आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास हुंगत येतात.

प्रखरपणाही तितकाच महत्त्वाचा, आणि त्याचा निरोपात उल्लेखच नाही. चार पावलांच्या अंगणाला फ्लडलाइट कशाला? खोक्यावर वॅट, म्हणजे दिवा वीज किती खातो ते नव्हे, लुमेन, म्हणजे उजेड किती देतो ते बघा. 200 ते 400 लुमेनचा, वरून झाकलेला, उजेड खाली टाकणारा दिवा बसायला-बोलायला पुरतो. तो दारावर न लावता जरा लांब लावला, तर किडे घरात कमी शिरतात.

'आयपी 44 म्हणजे पावसात बिनधास्त' हेही त्याच निरोपातलं. आयपीचा आकडा सांगतो, दिवा धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित आहे ते. 44 म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव. छत नसेल, पावसाचा थेट मारा बसत असेल, तर 65 घ्या.