मान घासण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा उमटला असेल, तर तो मळच आहे असे निःशंक मानावे. रविवारी त्याला न्हाणीघरात पाटावर बसवून मान खाली घालायला सांगावे आणि आधी डाळीचे पीठ, मग लिंबाची फोड, शेवटी टाचा घासायची वजरी, या क्रमाने कामाला लागावे. कातडी लाल होईल, मूल कळवळेल, पट्टा मात्र जागचा हलणार नाही. अशा वेळी ‘तुला अंघोळच नीट करायला नको’ हे वाक्य फार उपयोगी पडते. आमच्या घरी ते दोन वर्षे पुरले.

डॉक्टर मंडळींचे म्हणणे वेगळे असते, पण त्यांना आपल्या घरची साफसफाई काय ठाऊक? ते सांगतात की वाढलेल्या चरबीमुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करत राहते आणि त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे मानेवरची व काखेतली त्वचा जाड आणि काळी होते. यकृतातही चरबी साठू शकते, असेही ते सांगतात. ज्या घरात तीन पिढ्यांत कोणी दारूला शिवलेले नाही, त्या घरातल्या पाचवीतल्या पोराच्या यकृतावर असा संशय घेणे म्हणजे कुळाला बट्टाच. शिंप्याचे तर मुळीच ऐकू नये. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त झाल्याचे गणवेशाचे माप घेताना त्याच्या टेपवर दिसते. आपण फक्त ‘दोन इंच शिलाई आत ठेवा’ म्हणावे.

आहाराच्या बाबतीत आपला बेळगाव जिल्हा भाग्यवान आहे. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे तासभर रखडणाऱ्या माणसाने साखरेला नावे ठेवणे शोभत नाही. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली, जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवा म्हणते. पण तिच्या घरी पाहुणे कुंदा घेऊन येत नसावेत. गोकाकच्या करदंटात डिंक असतो, म्हणून तो औषधात धरावा. मांडे तर कागदासारखे पातळ, त्यांचे वजन ते काय! अडीचशे मिलिलिटर थंड पेयात साधारण सहा चमचे साखर असते, हे चहात अर्धा चमचा कमी घालून भरून काढता येते. ज्वारीची भाकरी आणि ताक मात्र मुलांना देऊ नये. लोकांना वाटेल, घरचे बरे चाललेले नाही.

रोज ६० मिनिटे दमवणारा खेळ हवा म्हणतात. शिकवणी, तिला जोडून दुसरी शिकवणी आणि मधे मोबाइल, यांत ती मिनिटे आपोआप जिरतात. झोपेचेही तसेच.

एवढ्यावरही कोणी ‘उपाशी ठेवू नका, साऱ्या घराचेच ताट बदला, उंची वाढेपर्यंत वजन आहे तिथेच राहिले तरी पुष्कळ’ असा समजूतदार सल्ला दिलाच, तर आज्जीला पुढे करावे. ‘पोराला वाळवायला लागल्यात बघा!’ असे ती ओसरीवरून म्हणाली की तो विषय पुढच्या दिवाळीपर्यंत निघत नाही.

आमची तर उपाशीपोटीची साखर तपासून झाली आणि ती चक्क योग्य निघाली. जास्तीचे इन्सुलिन राबते आहे तोवर ती तशीच दिसू शकते, असे सांगत डॉक्टरांनी यकृताच्या सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली. रिपोर्टच्या आनंदात आम्ही येताना अर्धा किलो कुंदा आणला. चिठ्ठी सध्या फ्रिजवर त्या डब्याखाली आहे, आणि रविवारसाठी नवी, जरा खरखरीत वजरी आणून ठेवली आहे.