आपलं माणूस आणि बाकीचे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

परदेशात विमान कोसळलं की जपानी बातम्यांत लगेच सांगतात, 'प्रवाशांमध्ये जपानी नागरिक नव्हते.' या वाक्याला मी लेखात 'थंड' म्हटलं. त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत की ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पेपरनं आधी आपला माणूस शोधला तर बिघडलं कुठे, मराठी पेपर तरी वेगळं काय करतात?

यातलं अर्धं मला मान्य आहे. जून २०२४ मध्ये कुवेतला मंगाफमधल्या कामगारांच्या इमारतीला आग लागली. किमान ४५ भारतीय गेले, सर्वाधिक केरळचे. ज्या घरातला मुलगा तिकडे आहे आणि फोन लागत नाही, त्या घराला आधी नावंच हवी असतात. मल्याळम पेपरांत तर 'चरमम्' म्हणजे निधनवार्तांचं फोटोंसकट वेगळं पान असतं. आखातात वारलेला माणूसही त्यात गावातल्या माणसांच्या शेजारी दिसतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण आपलं-परकं एवढ्यानं सगळा उलगडा होत नाही. १४ जून २०२३ ला ग्रीसच्या पिलोसजवळ स्थलांतरितांनी खचाखच भरलेली मासेमारी बोट बुडाली. अंदाजे साडेसातशे माणसं होती, १०४ वाचली. बायकामुलं बोटीच्या पोटात खाली होती, असं वाचलेल्यांनी सांगितलं. चारच दिवसांनी टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली 'टायटन' पाणबुडी बेपत्ता झाली. आत पाच जण. त्यांत मराठी सोडा, भारतीयही कोणी नव्हतं. तरी आपल्या पेपरांतून त्या पाचांची नावं, वयं, आवडीनिवडी मला पाठ झाल्या. त्यातले बापलेक पाकिस्तानी वंशाचे होते आणि बोटीत बुडालेलेही कितीतरी पाकिस्तानीच. बोटीची प्रवासी यादी नव्हती, हे खरं. पण वाचलेले बोलत होते, गावाकडे आईबाप बोलत होते. विचारायला कुणी गेलं असतं तर नावं मिळाली असती.

हे मी लांबून बोलत नाही. काही वर्षं मी रात्रपाळीचा उपसंपादक होतो. वृत्तसंस्थेकडून आलेला मजकूर, म्हणजे कॉपी, जागेत बसत नसली की खालून कापायची, हा डेस्कचा शिरस्ता. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली. मृतांचा आकडा रोज वाढत शेवटी १,१३४ वर गेला. एका रात्री माझ्या कॉपीत शेवटचा परिच्छेद होता तो शाळेच्या मैदानावरचा: ओळीनं ठेवलेली प्रेतं आणि हातात मुलीबाळींचे फोटो धरून त्यांच्यामधून फिरणारे नातेवाईक. खाली जाहिरात होती. तो परिच्छेद मी कापला, मथळ्यात आकडा ठेवला आणि पान छपाईला सोडलं. सकाळी पेपर हातात घेतल्यावर त्या बातमीत मला एकही माणूस सापडला नाही.

म्हणून जपानी वाक्यासाठी वापरलेला 'थंड' हा शब्द मी लेखातून आज काढलाय, तेवढं तुमचं बरोबर होतं. त्या वाक्यानंतर बातमी संपते, ही तक्रार मात्र मी तशीच ठेवली आहे.