‘टमी’ आणि झेडपी शाळेतली बाई

सर, नमस्कार.

‘टमी’ या पोटासाठीच्या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की हा लहान मुलांचा शब्द मी मोठ्यांच्या तोंडी घातला, रजेच्या अर्जातही चालेल म्हटलं, पोट आणि जठर यांत घोळ केला. आणि शेवटी, ‘झेडपी शाळेतल्या बाईंनी इंग्रजीच्या बारकाव्यांच्या भानगडीत पडू नये.’

घोळ झाला, मान्य. स्टमक म्हणजे काटेकोरपणे जठर, आणि टमी म्हणजे बरगड्यांखालचं सगळं पोट. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ते शेवटचं वाक्य. वेंगुर्ले तालुक्यात मी २६ वर्षं शिकवलं. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा माझ्याकडे एका खोलीत दोन वर्ग होते. पावसात पत्रे असे वाजायचे की ओरडून शिकवावं लागे. आठवडाभर ‘स्टमक’ घोकून घेतलं. एकाच्या जिभेवर बसेल तर शपथ! सगळी पोरं ‘इस्टमक’. मग ‘टमी’ सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहिलीतलं एक चेडू दारातच थांबलं. रात्री बरक्या फणसाचे गरे दाबून खाल्लेले. भिजलेला फ्रॉक दोन्ही मुठींत पोटाशी आवळून म्हणालं, ‘बाई, माज्या टमीत दुकता.’ मी ओवा-मीठ चावायला दिलं, भिंतीशी निजवलं, आणि तिथेच मला हा शब्द कळला. इंग्रजांच्या पोरांनाही सुरुवातीचं ‘स्ट’ जड गेलं. त्यांनी ‘स’ टाकला, शेवटचा ‘क’ टाकला, आणि डॅडी, डॉगीला लागतो तो लाडाचा ‘ई’ लावला. आमची पोरं शब्दाआधी ‘इ’ लावतात, एवढाच फरक. हे मला शहरातल्या कुठल्या क्लासात कोणी शिकवलं नाही, सर. तुम्ही किती पोरांना अक्षर शिकवलंत, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

आणि मोठी माणसं म्हणत नाहीत? एकोणिसाव्या शतकात ‘बेली’ म्हणणं तिकडच्या सभ्य घरांत असभ्य वाटे. अशा वेळी पोरांचा मऊ शब्द मोठ्यांनाही सोयीचा पडतो. आज पोटाची चरबी आणि सैल कातडी काढायच्या शस्त्रक्रियेला ‘टमी टक’ म्हणतात, ती काय बाळं करून घेतात? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली तान्ह्यांना उताणं किंवा कुशीवर झोपवा असं सांगितलं. मग जागेपणी पालथं ठेवायच्या वेळेला नाव पडलं ‘टमी टाइम’. हे डॉक्टर लोक बोलतात आणि छापतातही. आपल्याकडेही पोट तपासताना डॉक्टर मोठ्या बाईला ‘पोटात बाऊ झालाय का’ असं विचारत नाहीत, हे तुमचं म्हणणं मला समजतं. पण बाऊ आणि टमी एका वजनाचे शब्द नाहीत.

 

रजेच्या अर्जाचं वाक्य तेवढं काढलं आहे. हेडमास्तरांना ‘टमी’ लिहून पाठवू नये, हे खरं. ते तुम्ही साध्या शब्दांत सांगितलं असतंत, तरी मी त्याच दुपारी काढलं असतं.