तांबेकर वाडा: ओलं फडकं आधी बाजूला ठेवा

बडोद्याच्या मराठी मंडळींत एक मजकूर फिरतोय: “रावपुऱ्यातला तांबेकर वाडा म्हणजे गायकवाडांचा जुना राजवाडा. सयाजीरावांनी तिथे राजा रविवर्मांकडून फ्रेस्को रंगवून घेतले. सगळी चित्रं देवादिकांची. ओल्या फडक्याने पुसली तर नव्यासारखी दिसतील.” यातलं एकही वाक्य टिकत नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

राजवाडा नव्हे. हे विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकरांचं घर. 1849 ते 1854 ते बडोद्याचे दिवाण होते; गादीवर तेव्हा गणपतराव गायकवाड. सयाजीराव तिसरे दत्तक आले 1875 मध्ये.

रविवर्मांचा जन्म 1848 चा. भाऊंची दिवाणगिरी संपली तेव्हा ते जेमतेम सहा वर्षांचे. चित्रं नंतरची धरली तरी हात जुळत नाही. रविवर्मांचं नाव झालं ते कॅनव्हासवरच्या तैलरंगांनी, छायाप्रकाशातून अंगाला गोलाई आणण्याने. वाड्यात आधी रेघ, मग तिच्या आत सपाट रंग. त्यांची बडोद्यातली चित्रं पाहायची तर महाराजा फतेहसिंह संग्रहालयात जा. (कीर्तिमंदिरातली भित्तिचित्रंही कुणी त्यांच्या नावावर खपवतात. ती नंदलाल बोस यांची.)

“सगळी देवादिकांची” म्हणणारा बहुधा एका भिंतीवरूनच परतला असावा. कृष्णचरित्र आहे, महाभारत आहे, पण इंग्रज-मराठ्यांची लढाईही आहे, वेलबुट्टी आहे, एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रिया आहेत.

आता फ्रेस्को. त्यात चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यात अडकतात. म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवतात. बॅटरीचा झोत भिंतीला लगटून तिरपा टाकला की त्या तुकड्यांचे सांधे दिसू शकतात. मराठी वाड्यांतली रीत बहुतेक वेगळी: गिलावा वाळू द्यायचा, मग डिंक किंवा सरसात खललेला रंग. हा रंग गिलाव्यात मुरत नाही, वर पापुद्र्यासारखा बसतो.

म्हणूनच फडकं नको. पाण्याने डिंक फुगतो, रंग सुटून फडक्याला येतो. भिंतीत शिरलेलं पाणी क्षार विरघळवतं. वाळताना ते रंगाखाली स्फटिक होऊन साचतात आणि पापुद्रा आतून उचलतात. पांढरी भुकटी दिसली की समजा, ओल आत आहे. तिथे सिमेंटचा गिलावा थापला तर आणखी वाईट: ओल सिमेंटमधून निघत नाही, शेजारच्या चुन्याच्या भिंतीतून, म्हणजे चित्रांतूनच, वाट काढते. आधी गळती बंद करायची, मग चुन्यानेच दुरुस्ती, आणि सुटलेला रंग जाणकाराने जागीच चिकटवायचा.

वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. संरक्षित वास्तूला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मजकूर पुढे ढकलताना निदान फडक्याची ओळ खोडा.