रेडिएशनने घडलेला प्रत्येक हिरो रेडिएशनचा हिरो नव्हे

सुपरहिरोंवर चर्चा निघाली की एक विधान हमखास पुढे येतं: हल्क, स्पायडर-मॅन, डेअरडेव्हिल, फॅन्टास्टिक फोर हे सगळे ‘रेडिएशन पॉवर’वाले, रेडिएशन म्हणजे किरणोत्सर्ग, डोळ्यांतून झोत सोडणारेही त्यातच आले, आणि या सगळ्यांत गामा किरण सर्वांत वरचढ. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

सगळ्यात मोठी गल्लत पहिल्या मुद्द्यात आहे. शक्ती मिळाली कशी आणि शक्ती आहे काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९६२ साली पीटर पार्करला, म्हणजे स्पायडर-मॅनला, किरणोत्सारी कोळी चावला, इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर तो करतो काय? भिंतीवर चढतो, धोका आधीच ओळखतो, माणसाच्या आवाक्याबाहेरची वजनं उचलतो. यात रेडिएशन कुठेच नाही. किरणोत्सारी कोळ्याऐवजी मंतरलेला कोळी आणला, तरी त्याची एकही मारामारी वेगळी लिहावी लागणार नाही. माझा निकष हाच: उगम बदलून पाहा, शक्ती तशीच राहिली तर ती रेडिएशनची नाही. डेअरडेव्हिलचंही तेच. किरणोत्सारी पदार्थाने त्याची दृष्टी गेली आणि बाकीच्या संवेदना तीव्र झाल्या. न पाहता आजूबाजूच्या वस्तू ओळखणाऱ्या त्याच्या ‘रडार’बद्दल फार तर वाद घालता येईल. तो काळ अणुचाचण्यांचा होता. क्ष-किरणांनी फळमाश्यांमध्ये उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांत बदल, घडतं हे जनुकशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी १९२७ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे कथेत शरीर बदलायचं असलं की लेखकांच्या हाताशी रेडिएशन तयारच असे.

दुसरा मुद्दा. किरणोत्सर्ग हा रेडिएशनचा एक प्रकार झाला. दिसणारा प्रकाश, अवरक्त किरण, रेडिओ लहरी हेही रेडिएशनच. म्हणून माझ्या मते या वर्गातलं ठळक नाव सुपरमॅनचं, आणि नेमकं तेच या यादीत नसतं. तो पिवळ्या सूर्याचा प्रकाश शरीरात साठवतो, लाल सूर्याखाली त्याची ताकद जाते. इथे सूर्यप्रकाश काढून टाकला तर शक्तीच उरत नाही.

डोळ्यांतल्या झोतांचं उत्तर छोटं आहे. सुपरमॅनची नजर धातू वितळवते, ती उष्णतेची किरणं. एक्स-मेनमधल्या सायक्लॉप्सच्या डोळ्यांतला झोत भाजत नाही, ठोसा बसावा तसा आदळतो. तो निव्वळ बल आहे. झोत लाल दिसला एवढ्यावरून त्याला इथे आणता येत नाही.

राहिला गामा. गामा किरण आरपार जातात, त्यांना अडवायला शिसं लागतं. अल्फा कण, हा किरणोत्सर्गाचाच दुसरा प्रकार, साध्या कागदानेही अडतात. पण तोच अल्फा देणारा पदार्थ शरीरात गेला तर चित्र उलटतं. किरणसुरक्षेच्या हिशेबात अल्फाचा भारांक, म्हणजे शरीराला होणाऱ्या इजेचं वजन दाखवणारा आकडा, २० धरतात, गामाचा १. म्हणजे आरपार जाण्याची क्षमता वेगळी आणि इजा करण्याची वेगळी. फॅन्टास्टिक फोरला १९६१ मध्ये ज्यांनी बदललं ते वैश्विक किरण तर मुख्यतः प्रोटॉनच असतात, म्हणजे कण. त्यांना गामाच्या खालची पायरी देण्यात काय अर्थ?

वर्गवारी करायचीच तर दोन गोष्टी विचाराव्यात: रेडिएशन नेमकं कोणतं, आणि पात्र त्याचं करतं काय? बाहेर टाकतं, शोषतं, ओळखतं की हवं तसं वळवतं? १९६३ चा खलनायक रेडिओॲक्टिव्ह मॅन इथे चपखल बसतो, कारण तो खरोखरच किरणोत्सर्ग बाहेर टाकतो. हल्कचे मात्र दोन भाग करावे लागतील. १९६२ च्या पहिल्या अंकात गामा बॉम्बच्या स्फोटात सापडलेला ब्रूस बॅनर रागाने नव्हे, अंधार पडला की बदलतो, आणि त्याच्याकडे असते ती फक्त राक्षसी ताकद. त्या हल्कला मी या वर्गात धरणार नाही. नंतरच्या कथांमधला, गामा शोषून आणखी बलवान होणारा हल्क मात्र नक्की धरेन.